जमनीच्या गालावरचं ग्लिसरीन

टाचेच्या भेगेत लिंबू गेलं की माणूस आधी हसतो, मग ओरडतो.

क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये जेवढी फट असते, तेवढ्यात एक म्हातारी रडून मोकळी होऊ शकते.

बोकडाला कॅमेऱ्याची भीती वाटत नाही.

पुसदकडून आलेल्या मोटारसायकलच्या हँडलला नव्या साडीचं पुडकं बांधलेलं होतं, आणि चालवणारा रागात होता.

तिखटाची बरणी.

बाहेरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये.

मित्रांनो, ही वाक्यं एकमेकांच्या नात्यातली वाटत नाहीत. मलाही आधी वाटत नव्हती. शेवटचं वाक्य माझ्या अंगावर छापलेलं होतं. बाकीचं मी पाहिलं किंवा ऐकलं.

मी एक जुनी ग्लिसरीनची बाटली आहे. माझं लेबल अर्धं गेलंय, झाकणाला चीर पडलीय आणि माझ्या पोटात आता तळाशी बोटभर द्रव उरलाय. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझं अंग तयार झालं. गरम प्लॅस्टिकची नळी, तिच्यात हवेची एक फुंकर, आणि झाले मी. पोट नंतर दुसरीकडे भरलं. ग्लिसरीन पाण्यासारखं दिसतं, पण ते पाणी नाही. ते जड असतं, सावकाश ओघळतं, पटकन वाळत नाही आणि चवीला गोड असतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

*बाहेरून लावण्यासाठी*

बोरी अरबच्या बाजारात एका मेडिकलच्या फळीवर मी बरेच दिवस होते. शेजारी खोकल्याचं औषध. एका बाजारच्या दिवशी जमनी आली. दंडावर गोंदण, डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी.

"ग्लिसरीन कायले पायजे, मावशी?" दुकानदाराने विचारलं.

"नातीच्या टाचा पायल्या का तुमी? उन्हाळ्यातलं वावर हाय नुसतं."

अशी मी तांड्यावर आले. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. त्यांचे पूर्वज बैलांवर माल लादून देशभर फिरत. आता त्यांची शेतं आहेत, कपाशी आहे, तूर आहे, सिमेंटची घरं आहेत. घरात ते गोरबोली बोलतात. ती तुम्हा सगळ्यांना कळणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी बाजारातल्या वऱ्हाडीत सांगते.

नातीचं नाव अंजू. बारावीला होती आणि लांब पल्ल्याचं धावायची. रोज सकाळी तांड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत आणि परत. पायात बूट होते, जुने, तळवा चांभाराकडून दोनदा शिवून घेतलेला. बूट टाच वाचवत नव्हते, टाच बूट वाचवत होती. संध्याकाळी जमनी वाटीत मला थोडं ओतायची, त्यात गुलाबपाणी, वरून लिंबू पिळायची आणि अंजूचा पाय मांडीवर घ्यायची.

"दादी, झोंबते!"

"झोंबन नं. धावाले कोन सांगतलं होतं?"

"तूच तं म्हनत होती, धाव म्हून."

"मी बकरीच्या मागं धाव म्हनत होती."

मग परत मला कोनाड्यात ठेवून द्यायची. हे माझं काम. यात कुणाला रडवायचं नव्हतं.

*झाकण घट्ट लावा*

अंजूचे आजोबा पूनमसिंग या तांड्याचे नायक. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. लग्न असो, भांडण असो, होळी असो, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना सगळे नायक म्हणतात, घरात जमनीसुद्धा. ती म्हणते तेव्हा त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला कधी मोजता आलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत सुनील सर आले. ते दारव्ह्याच्या शाळेत खेळ शिकवतात. चपला काढायच्या आधीच त्यांनी बातमी सांगितली.

"नायक, पुण्याच्या केंद्रातून फोन आला. अंजूला घेतो म्हणतात. राहणं, खाणं, शिकणं, धावणं, सगळं तिकडेच. फक्त होळीच्या आत गेली पाहिजे."

"सर, तुमी चा घ्या."

"चहा घेतो, पण पोरीचं काय?"

पूनमसिंगांनी पागोटं सारखं केलं. "आमच्या तांड्याची पोरगी घरातून एकदाच निघते. ढावलो होते, मोठ्या मानसाचा हात डोक्यावर पडते, मंग निघते. त्याच्या पयले निघत नाही, अन त्याच्यानंतर घरात राहत नाही. हे काई मी नाही ठरवलं. माह्या आजाच्या पयलेपासून हाय."

मित्रांनो, ढावलो म्हणजे बंजारा नवरीचं निरोपाचं रडणं. नुसते हुंदके नाहीत. त्याला चाल असते, शब्द असतात. नवरी एकेकीच्या गळ्यात पडते आणि जे मागे राहणार त्याचं नाव घेत जाते. मुली ते लहानपणापासून ऐकून शिकतात. त्याचा आवाज कानावर पडला की तांड्यातली प्रत्येक बाई हातातलं काम टाकून येते आणि रडण्यात आपला आवाज मिसळते. न येणं चालत नाही.

"दादा, मी काय लगन करून चालली का?" अंजू दारातून आजोबांना म्हणाली. "मी धावाले चालली."

"येथं धाव नं. रस्ता कोनी उचलून नेला का?"

"पुण्यात शिकवनारे हायेत."

"शिकव्याविना धावली नं आतापावतर? जिल्ह्यात पयली आली नं?"

अंजूने वडिलांकडे पाहिलं. तिचे वडील जीवन खाटेवर बसून मोबाईलच्या काचेवरची धूळ पुसत होते. धूळ नव्हतीच. ते म्हणाले, "बापू म्हनतील तसं."

मग तिने आजीकडे पाहिलं. जमनी तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नायक म्हनते ते बराबर हाय."

अंजू बाहेर निघून गेली. सुनील सरांनी चहा अर्धाच प्यायला. त्या संध्याकाळी अंजूने पाय मांडीवर घेऊ दिला नाही, आणि माझं झाकण उघडलं नाही.

*लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा*

ही ओळ तुमच्याविरुद्ध आहे, मित्रांनो, पण ती माझ्यावर छापलेली आहे, मी काय करू?

जिल्ह्याच्या स्पर्धेत अंजू पहिली आली, तेव्हा सुनील सरांनी मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यात शेवटच्या वळणावर तिचा बूट उसवतो, आणि ती तशीच, एक पाय फटफट वाजवत, सगळ्यांच्या पुढे निघून जाते. ते चित्रण फिरत फिरत मुंबईला गेलं. धावायचे बूट विकणाऱ्या एका कंपनीला ते आवडलं. तिला अंजूला घेऊन जाहिरात करायची होती.

पूनमसिंगांनी एकच प्रश्न विचारला. "शूटिंग कुठं?"

"इथंच. तांड्यात," सुनील सर म्हणाले.

"घर सोडून जायाचं नाही नं? मंग होऊ द्या."

जाहिरातवाले आले. दोन गाड्या, छत्र्या, तारा, एक पांढरा पडदा. त्यांचा दिग्दर्शक रवी. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना हात जोडत होता, वरण-बट्टी मागून खात होता. पण त्याला जे दिसायला नको होतं, ते तो फार पटकन ओळखायचा. आधी त्याने डिश अँटेनावर चादर टाकायला लावली. मग मोटारसायकल घरामागे. मग अंजूच्या हातातलं घड्याळ. शेवटी तिचे बूट. ते बोकड बांधायच्या कोठ्यामागे ठेवले गेले. निळ्या रंगाचं घर त्याला नको होतं. त्याला कोठा हवा होता, कुडाच्या भिंतींचा, कवेलूच्या छपराचा.

"आमचं सिमेटाचं घर दिसत नाही का तुमाले?" पूनमसिंग म्हणाले. "बोकडाच्या कोठ्यात काहून बसवता मानसाले?"

"दादा, घर सुंदर आहे. पण बघणाऱ्याला वाटायला हवं की हिच्याकडे काहीच नाही."

"हाय नं पन. डिश हाय, फ्रीज हाय, मोटारसायकल हाय."

"म्हणूनच," रवी म्हणाला.

पूनमसिंग उठून शेतात गेले. बोकड गेला नाही. तो प्रत्येक दृश्यात मधे यायचा, आणि रवीला तो आवडला.

अंजू दिवसभर त्याच रस्त्यावर अनवाणी धावली. इकडून तिकडे, परत तिकडून इकडे. ऊन तिरकं हवं होतं, म्हणून परत. मागून बैलगाडी हवी होती, म्हणून परत. ज्या टाचांसाठी मला आणलं होतं, त्यांच्यावर खुशी नावाच्या मुलीने माती भुरभुरवली, भेगा उठून दिसाव्यात म्हणून. खुशी यवतमाळची. एरवी नवऱ्या सजवते. इथे रंगभूषेसाठी तिला बोलावलं होतं.

"पन सर," खुशीने विचारलं, "जाहिरात बुटाची हाय नं? बूट कवा दिसतीन?"

"शेवटी. अगदी शेवटी. बूट बघून कुणाला भरून येत नाही, खुशी. आधी टाच दाखवायची, मग तिचा श्वास ऐकवायचा. मग म्हातारी. म्हातारी रडली की बघणाऱ्याचा घसा दाटतो. दाटला की संगीत बंद करायचं, आणि त्या शांततेत बूट ठेवायचा. मग त्याला वाटतं, आपल्याला बुटामुळेच भरून आलं."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, पोळपाटावर पीठ किती घ्यायचं ते सांगावं तसं.

*थेंबाथेंबाने वापरा*

आता म्हातारीचं दृश्य होतं. जमनीने सणासुदीला नेसायचा पोशाख घालावा, असं रवीचं म्हणणं. तिने पेटी उघडली आणि फेटिया-कांचळी काढली, काचा लावलेला घागरा आणि चोळी. हा पोशाख ती लग्नाला घालते. हातात हस्तिदंती दिसणाऱ्या पांढऱ्या बांगड्या, कानाजवळ चांदीचे झुबके. अंजूला मात्र धावायची बनियन आणि चड्डीच ठेवली.

खुशीने आपली पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. वाटेत तिची ग्लिसरीनची बाटली सांडली होती. सगळे ब्रश चिकट झाले होते.

"आजी, घरात ग्लिसरीन हाय का?"

जमनी थोडा वेळ उभी राहिली. मग आतल्या खोलीत गेली, खाटेखाली वाकली आणि मला घेऊन आली.

खुशीने माझा एक थेंब तिच्या एका गालावर ठेवला, एक दुसऱ्या. दिव्याच्या उजेडात मी छान चमकले, खरं सांगायला हरकत नाही. खरी आसवं लगेच वाळतात, पसरतात, नाकातही उतरतात. मी जिथे ठेवाल तिथे थांबते. म्हणून मला बोलावतात.

मी ओघळत जमनीच्या ओठापर्यंत गेले. तिने जीभ लावली.

"अवो, हे तं गोड हाय!"

"असतेच ते गोड, आजी. बोलू नका, हालन."

"गोड रडू कोनाचं असते वो?"

खुशी हसली, अंजू हसली, मागे उभे असलेले सगळे हसले. दृश्य गेलं. परत दोन थेंब, परत दिवा. या वेळी कुणी हसलं नाही, पण रवी कपाळ चोळत होता. "पाणी आहे. रडणं नाही," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी पाणीच काय ते करू शकते.

तो जमनीसमोर उकिडवा बसला. "आजी, अंजू निघालीय. लांब निघालीय. हे मनात आणा."

"पोरगी घरातून निघाली, असं दाखवायचं?"

"हो."

"खरोखरची निघाली असं?"

"अगदी खरोखरची."

"आवाज करून रडू का, उगंमुगं?"

"तुमच्यात पोरगी निघताना जसं रडतात, तसं."

"तांडा आयकन."

"ऐकू दे की, आजी."

"पाह्य बरं, साहेब. मंग मले म्हनू नका."

रवीने मान हलवली आणि कॅमेऱ्यामागे गेला. जमनीने ओढणीच्या पदराने दोन्ही गाल पुसून काढले. मी त्या पदरात गेले. मग तिने अंजूला जवळ ओढलं, तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं आणि ढावलो सुरू केला.

अंजू आधी दचकली. "दादी, हे काय करून राह्यली?" पण त्या चालीला उत्तर द्यायचंच असतं, आणि ते तिच्या कानात लहानपणापासून होतं. तिचा आवाज फुटला. तिने विहिरीचं नाव घेतलं, बोकडाचं घेतलं, डांबरी रस्त्याचं घेतलं. रस्त्याचं नाव ढावल्यात याआधी कुणी घेतलं नसेल.

कपाशीतून बाया आल्या. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. तुरीतून आल्या, चुलीपुढून आल्या, एकीच्या हाताला पीठ होतं. कॅमेरा दिसला तरी त्या थांबल्या नाहीत, कारण आवाज कॅमेऱ्याचा नव्हता. एकेक जण अंजूच्या गळ्यात पडली. रवी कॅमेरावाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकलत राहिला.

आणि शेताच्या बांधावरून पूनमसिंग धावत आले. ढावलो ऐकू आला की घरातल्या मोठ्या माणसाने काय करायचं, हे त्यांच्या पायांना माहीत होतं, हातांनाही. बायांनी वाट दिली. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले. ओठ हलले.

मग डोळे उघडले, आणि समोर पांढरा पडदा होता.

"कट," रवी म्हणाला, तेही फार हळू.

आवाज टिपणारा माणूस माझ्याकडे वाकला, मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "कुठली ग्लिसरीन आहे ही? पुढच्या वेळी हीच घ्यायची." माझ्या आयुष्यातलं हे एकमेव कौतुक. मी काही बोलले नाही. बाटलीला तशी सोय नसते. त्याने मला कोठ्याच्या भिंतीतल्या खाचेत ठेवलं आणि निघून गेला.

*थंड जागी ठेवा*

गाड्या गेल्यावर सगळे कोठ्यापुढेच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"हे तं नाटक होतं," पूनमसिंग म्हणाले. "शूटिंग होती ते."

"हौ," जमनी म्हणाली.

"बुटासाठी केलतं."

"हौ. मी बुटासाठी केलं. बाया कायच्यासाठी रडल्या? त्याईले कोनी बूट देल्ला का?"

पूनमसिंगांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"अन तुमी? तुमाले तं कोनी बोलावलंबी नव्हतं, नायक. तुमी आपल्या मनानं आले, हात ठेवला. आता काय करता? हात वापस घेता का?"

"तू कायले सुरू केलं मंग?"

"साहेब म्हने, तुमच्यात रडतेत तसं रडा. मले एकच येते." तिने बांगड्या मागे सारल्या. "तुमीच सांगतलं सुनील सराले, ढावल्यानंतर पोरगी घरात राहत नाही म्हून. उद्या लोक म्हनतीन, नायकाच्या घरची पोरगी निरोप घेऊन बसेल हाय चुलीपाशी. अपशकुन कोनाचा? तुमचा का माहा?"

पूनमसिंग उठले. बोकडाची दोरी सोडली, परत बांधली. मग जीवनला म्हणाले, "सराले फोन लाव. इच्यार, कवा निघायचं हाय म्हना."

अंजू निघाली, त्या सकाळी कुणीच रडलं नाही. रडणं झालेलं होतं. सुनील सर गोंधळले. तांडा मात्र शांत होता, जसं शेतात जाणाऱ्याला बघावं तसं बघत होता. तिच्या हातात नवी पिशवी होती. मी तिच्यात नव्हते. मी खाचेत होते. जमनी घरभर मला शोधत होती, "बाटली गेली कुठं वो?" म्हणत. खाचेत कुणी पाहिलं नाही.

मग माझे रिकामे दिवस सुरू झाले. बोकडाने माझं लेबल चाटलं, अर्धं खाल्लं. उन्हाळा आला. झाकणाला चीर पडली. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे मी वाळले नाही, इतकंच.

उन्हाळ्यात क्रिकेटचे सामने सुरू झाले आणि जाहिरात आली. घरातून टीव्हीचा आवाज कोठ्यापर्यंत यायचा. दोन षटकांच्या मध्ये. आधी श्वास. मग पायांचा आवाज. मग जमनीचा ढावलो, खाली बारीक संगीत. मग शांतता. मग एका पुरुषाचा जाड आवाज म्हणायचा, "ती निघाली. तुम्ही?" की लगेच पुढचा चेंडू.

जाहिरातीत जे बूट तिच्या पायाशी ठेवले होते, ते तिला एक नंबर लहान होते. ते कुणाला दिसलं नाही. दिसायचं कारण नव्हतं, तिने ते घातलेच नव्हते.

लखीराम तेव्हा आला. अंजूच्या वारलेल्या आईचा भाऊ, पुसदकडच्या एका तांड्यावरचा. मोटारसायकल कोठ्याला टेकवून उभी केली, आणि हँडलचं पुडकंही न सोडता ओरडला.

"भाचीचं लगन लावलं अन मामाले सांगतलं नाही?"

जमनी पाणी घेऊन आली. "बस तं खरं."

"बसत नाही! साऱ्या तांड्यानं टीव्हीवर पायलं. तुमी फेटिया घालून, अंजूचा ढावलो, नायकाचा हात. माही बायको तं टीव्हीपुढं उभी राहून रडली. तिले म्हटलं, थांब, मामाचा मान गेला कुठं ते पयले इच्यारून येतो."

"लगन नाही लागलं, लखीराम."

"मंग?"

"पुण्याले गेली. धावाले."

"मंग ढावलो?"

"जाहिरातीचा."

"कायची जाहिरात?"

"बुटाची."

लखीराम खाली बसला. पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "मले एक समजत नव्हतं. नवरी बनियनवर काहून होती? मंग वाटलं, आजकालची फॅशन असन."

जमनी हसली. साडीचं पुडकं सोडून तिने मांडीवर घेतलं. "राहू दे. लागन तवा नेसन. तवा तुलेच पयले सांगीन."

"पन मग तवा ढावलो कायचा करान? तो तं झाला नं."

जमनीने पुडक्याची सुतळी गुंडाळली, अंगठ्याभोवती, नीट. "तो तिच्या धावन्याचा होता. तवाचा तवा पाहू," ती म्हणाली.

*तारीख उलटल्यावर वापरू नये*

दिवाळीला अंजू आली. पहिल्याच सकाळी बोकडाला पाला घालायला कोठ्यात वाकली आणि तिला मी दिसले.

"दादी, तुही बाटली येथं हाय!"

जमनीने मला पदराने पुसलं, हलवून पाहिलं, उजेडात धरलं. मग ओट्यावर वाटी आली, गुलाबपाणी आलं, लिंबू आलं. अंजूने पाय मांडीवर ठेवला. नवे बूट असूनही भेगा होत्याच, फक्त जागा बदलल्या होत्या. बूट तिच्या मापाचे होते, केंद्राने दिलेले. जाहिरातीतले नव्हे.

"होस्टेलच्या पोरी ती जाहिरात पाहून रडतेत," अंजू सांगत होती. "मले इच्यारतेत, तुही दादी येवढी रडली, तं तू तिले टाकून आली कायले?"

"तू काय सांगतलं?"

"सांगतलं, तिनं रडूनच काढलं मले घरातून." ती झोंबल्यामुळे ओरडली, मग परत सांगू लागली. "एकीनं तेच बूट मागवले. घालून पायले. म्हने, बूट बरे हायेत, पन भरून काई आलं नाही."

जमनी तिच्या टाचेवर बोट फिरवत राहिली. आत घरात टीव्ही चालू होता. पूनमसिंग जाहिरात लागली की आवाज वाढवतात आणि आपला हात दिसून गेला की कमी करतात.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे, आणि जुन्या वस्तूने शेवटी काही सांगायचं असतं म्हणून सांगते. पडद्यावर कुणी धावताना, जिंकताना, रडताना पाहून तुमचे डोळे भरले, तर ते पुसू नका. डोळे तुमचे आहेत, पाणीही तुमचंच आहे. फक्त त्यानंतरच्या शांततेत कुणी काही ठेवलं, तर ते आधी पायात घालून पाहा. आणि घरात कुणी धावणारं असेल, तर संध्याकाळी त्याच्या टाचा पाहा. मला गालावर ठेवलंत तर मी चमकते. टाचेवर लावलंत तर मुरते. बाटलीला दोन्ही सारखंच. टाचेला सारखं नसतं.

वाटीत माझा शेवटचा थेंब पडला की मी रिकामी होईन. जमनीने त्या दिवशी तो ओतला नाही. झाकण लावलं, चिरेवर चिकटपट्टी गुंडाळली आणि मला कोनाड्यात ठेवलं.

जाहिरातवाले तांड्यावर आले, त्याच्या आधीच्या बाजारच्या दिवशी जमनीने बोरी अरबहून एक नवी पिशवी आणली होती, आणि त्याच दुपारी तिच्यात अंजूचे कपडे, टॉवेल, तिखटाची बरणी आणि मी, असं सगळं भरून ती खाटेखाली सरकवून ठेवली होती.